गेटाबाहेरचे ड्रम

नॅन्सी रणदिवेला कारखान्यातले लोक माघारी ‘कचऱ्याच्या मॅडम’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला वावगं काही वाटत नव्हतं. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत भीमतीर ऑरगॅनिक्स नावाचा मध्यम आकाराचा कारखाना होता. औषध कंपन्यांना लागणारी रसायनं तिथं तयार व्हायची आणि नॅन्सी तिथं पर्यावरण अधिकारी होती. रसायन तयार झालं की भांड्याच्या तळाशी डांबरासारखा काळा गाळ उरतो, वापरून खराब झालेली द्रावणं उरतात, सांडपाण्याचा चिखल उरतो. ते कशात भरायचं, कुठं ठेवायचं, कुणाच्या गाडीतून पाठवायचं, हे तिचं काम.

ती मूळची शिरूरची, मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली. वडील याकोब रणदिवे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. नोकरीसाठी ती दौंडला चर्चजवळ भाड्याची खोली घेऊन राहायची आणि रविवारी जमलं तर शिरूरला जायची. बोलणं मोजकं, पण एकदा बोलली की शब्द मागे घ्यायची नाही. कारखान्याचे मालक हौसराव शितोळे तिच्यावर चिडायचे ते यामुळेच, आणि तिला टिकवून ठेवलं होतं तेही यामुळेच.

त्या वर्षी दोघांमध्ये एका गोष्टीवरून कुरबुर चालली होती. कारखान्याचा घातक कचरा शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या सामाईक विल्हेवाट केंद्रात जायचा. आधी त्यासाठी एक जुना, अनुभवी वाहतूकदार होता. उन्हाळ्यात हौसरावांनी तो बदलला आणि बन्सी लोंढे नावाच्या माणसाला काम दिलं. बन्सी ओळखीतला होता, स्वस्त होता आणि फोन केला की हजर व्हायचा. नॅन्सीनं तेव्हाच नापसंती सांगितली होती. पुढं रांजणगावहून माल मिळाल्याची पोच उशिरा यायला लागली, मग येईनाशीच झाली. बन्सीला विचारलं तर तो म्हणायचा, तिकडची सिस्टिम बंद आहे. शेवटी नॅन्सीनं हौसरावांना सांगून टाकलं की मागच्या गाड्यांची पोच हातात पडल्याशिवाय पुढचा एक ड्रमही गेटाबाहेर जाणार नाही. ड्रम शेडमध्ये साठत गेले. हौसराव रोज शेडकडे बघत आणि कपाळाला आठ्या घालून केबिनमध्ये जात.

दिवाळी जवळ आली होती. एका सकाळी पॅकिंगमध्ये काम करणारी हर्षदा कोकरे शिफ्ट सुरू होण्याआधी नॅन्सीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हर्षदाचं घर वरवंडच्या पलीकडे, माळावरच्या धनगरवस्तीत. तिचे सासरे हरिबा यांच्याकडे थोडी शेती होती आणि बाकी वस्तीनं मेंढरं विकली तरी त्यांनी आपला लहानसा कळप ठेवला होता. हर्षदा म्हणाली की घरामागं दगडाची जुनी खाण आहे, तिच्यात पावसाचं पाणी साठतं आणि मेंढरं तिथंच पाण्यावर जातात. या दोन-तीन दिवसांत चार मेंढरं तोंडाला फेस येऊन मेली. खाणीतलं पाणी ओसरलंय, आज सकाळी सासरे खाली उतरून बघतात तर पाण्याच्या कडेला उघडे पडलेले ड्रम.

“निळे हायेत, मॅडम,” हर्षदा म्हणाली. “काळ्या झाकणाचे. आपल्या शेडमधल्यासारखेच.”

नॅन्सीनं रबरी हातमोजे, मास्क आणि नमुन्याच्या बाटल्या पिशवीत टाकल्या, शिफ्टच्या सुपरवायझरला सांगून हर्षदाला गाडीत घेतलं आणि निघाली.

खाणीच्या काठावर पोचायच्या आधीच तिला वास आला. गोडसर, डांबरासारखा, घशात बसणारा वास. अनेक वर्षं रोज ज्या शेडमध्ये ती जात होती, तिथलाच. ड्रमवरची लेबलं कुणीतरी पत्र्यानं खरवडून काढली होती. काही ड्रम फुटले होते आणि काळा गाळ ओघळून पाण्यात उतरला होता. पाण्यावर तेलकट साय धरली होती. हरिबा काठावर काठी टेकवून उभे होते. सत्तरीचा उंच, वाळका माणूस. त्यांनी मेलेली मेंढरं दूर नेऊन खड्ड्यात पुरली होती आणि बाकीचा कळप बांधाच्या आत अडवून ठेवला होता. नॅन्सीनं त्यांना पाण्याजवळ कुणाला येऊ देऊ नका म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मी सकाळधरनं तेच करतोय.

मग तिनं विचारलं, ड्रमला घरातल्या कुणी हात लावला का? हरिबांनी काठीनं वस्तीकडे दाखवलं.

“म्हातारीनं एक नेलंय,” ते म्हणाले. “पाणी भराया. आत्ता धूत बसली आसंल.”

नॅन्सी वस्तीकडे पळत सुटली.

अंगणात तानुबाई निळा ड्रम आडवा पाडून आतून हातानं घासत बसल्या होत्या. नारळाच्या शेंडीचा चोथा आणि राख घेऊन, कोपरापर्यंत हात आत घालून. नॅन्सीनं त्यांना खांद्याला धरून मागे ओढलं. तानुबाईंना हा काय प्रकार कळेना. ही कोण बाई आली, सुनेबरोबर आली म्हणजे ओळखीची असणार, म्हणून त्या हसल्या. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे पडले होते, पाण्यात बराच वेळ भिजल्यासारखे.

“दुखतंय का, आजी?”

“न्हाई की. बधिर झाल्यागत वाटतंय. गार पाण्यानं झालं आसंल.”

दुखत नव्हतं, याचीच नॅन्सीला भीती वाटली. त्या गाळात फिनॉल होतं. घरात फरशी पुसायच्या फिनाईलशी त्याचं नाव तेवढं जुळतं, पण हे तीव्र असतं. कातडीला लागलं की आधी ती जागा बधिर करतं, त्यामुळे माणसाला आपण भाजलोय हे कळत नाही, आणि तोवर ते अंगात मुरत जातं. मूत्रपिंडं, हृदय, सगळ्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. नॅन्सीनं हर्षदाला घरातलं होतं नव्हतं ते पाणी हातांवर ओतत राहायला लावलं. दूषित झालेलं लुगडं बदलायला लावलं. स्वतः कारखान्यात फोन लावला. फिनॉल भाजलं तर पुसायचं एक घट्ट, तेलासारखं औषध प्रथमोपचाराच्या कपाटात ठेवलेलं होतं. ते घेऊन गाडी तातडीनं पाटसच्या टोलनाक्यावर पाठवा, असं तिनं सांगितलं. कशासाठी, असं सुपरवायझरनं विचारलं. ती म्हणाली, नंतर सांगते, गाडी आधी काढा.

तानुबाईंना आणि हर्षदाला गाडीत घेऊन ती निघाली. टोलनाक्यावर बाटल्या मिळाल्या आणि त्या घेऊन आलेला ड्रायव्हर तिच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसला. दौंडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मागच्या सीटवर बसून नॅन्सी तानुबाईंचे हात त्या औषधानं पुसत राहिली. कापूस संपला तेव्हा तिनं आपली ओढणी फाडली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी हात बघितले आणि पहिलाच प्रश्न केला की हे नक्की कशानं झालं. हर्षदानं नॅन्सीकडे बघितलं. नर्स कागद घेऊन उभी होती. फिनॉल हा शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न कुठला येणार, हे नॅन्सीला कळत होतं. मालकांना अजून फोन केलेला नव्हता. ‘कसलं तरी केमिकल’ एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मग डॉक्टरांनी साधं भाजल्याचं मलम लावलं असतं.

“फिनॉल आहे,” ती म्हणाली. “सोबत थोडं द्रावणही. अर्धा तास तरी हात त्यात होते. तासाभरापासून धुतोय, पुसतोय. हृदयाचा आलेख आणि मूत्रपिंडाची तपासणी करावी लागेल.”

डॉक्टरबाईंनी झटकन नर्सला दोन-तीन सूचना दिल्या. मग विचारलं, “पोलिसांना कळवावं लागेल. हे आलं कुठून?”

“आमच्या कारखान्यातून. भीमतीर ऑरगॅनिक्स, कुरकुंभ. मी तिथली पर्यावरण अधिकारी आहे. माझं नाव लिहा.”

मग तिनं हौसरावांना फोन लावला. ते तासाभरात आले. साठीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून त्यांनी सुरुवात केली होती आणि अर्धं आयुष्य घालून हा कारखाना उभा केला होता. ते आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. नॅन्सीला त्यांनी बाहेर, जिन्याजवळ नेलं.

“ड्रमवर आपलं नाव होतं का?”

“नाही. खरवडलंय.”

“मग आपलेच कशावरून? असले निळे ड्रम वसाहतीत सगळ्यांकडे हायेत.”

“आतल्या मालावरून. हा गाळ कुरकुंभात दुसरं कुणी तयार करत नाही, साहेब.”

“ते तुम्हाला माहीत. दुसऱ्या कुणाला हाय?”

“आता डॉक्टरांना आहे.”

हौसरावांनी डोळे मिटून घेतले. मग ते सावकाश, समजावल्यासारखं बोलायला लागले. बन्सीला काम रीतसर दिलं होतं, त्याच्याकडे परवाना होता. माल आपल्या गेटाबाहेर गेला तेव्हा ड्रम नीट बंद होते. त्यानं वाटेत काय केलं, ते त्यानं केलं. पकडायचं तर त्याला पकडा. नॅन्सीनं ते सगळं ऐकून घेतलं. मग तिनं सांगितलं की बन्सीचा गुन्हा बन्सीचा आहेच आणि त्याला त्याची शिक्षा होईल. पण कायद्यानं कचरा ज्यानं तयार केला त्याच्या गळ्यात बांधलेला असतो. दुसऱ्याच्या गाडीत चढवला म्हणून तो सुटत नाही. तो ठरल्या जागी पोचून त्याची विल्हेवाट लागेपर्यंत तो आपला, आणि वाटेत त्यानं कुणाला इजा झाली, कुणाची जमीन किंवा पाणी नासलं, तर ती भरपाईही आपली. असं काही घडलं की प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब कळवायचं हेही आपल्यावरच.

“तुम्ही नोकरी कुणाची करता?” हौसरावांनी विचारलं.

“तुमची. म्हणून आज मी सांगतेय. उद्या मंडळाचे अधिकारी सांगायला आले तर कारखाना वाचवायला माझ्याकडे काही उरणार नाही.”

हौसराव दाराकडे वळले. बाईंना बघून येतो, असं म्हणून आत गेले. नॅन्सी मागोमाग गेली.

तानुबाईंच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, छातीला वायरी लावलेल्या होत्या. समोर पांढऱ्या शर्टातला मोठा माणूस बघून त्या उठून बसायला लागल्या. हर्षदानं सांगितलं की हे आमच्या कंपनीचे मालक. तानुबाईंचा चेहरा एकदम उतरला.

“पिंप तुमचं व्हतं व्हय?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं टाकून दिल्यालं हाय. इचारून घेतलं आसतं, पर तितं कुणी नव्हतं इचाराया. सून आणून दील माघारी.”

हौसराव कॉटच्या कडेला उभे होते. त्यांनी पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघितलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून ते तानुबाईंजवळ बसले आणि बराच वेळ बसून राहिले. तानुबाईंनी त्यांना गाव विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. ते उत्तरं देत राहिले. मग उठून बाहेर आले.

“मंडळाला काय कळवायचं ते लिहा,” ते नॅन्सीला म्हणाले. “सगळं लिहा. माझी सही घ्या.”

दुपार टळायच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाला, तहसीलदारांना आणि पोलिसांना कळवून झालं होतं. दुसऱ्या दिवशी मंडळाचे अधिकारी खाणीवर आले. त्यांनी पाण्याचे, मातीचे आणि प्रत्येक ड्रमचे नमुने घेतले. जिथं हा गाळ तयार होत होता तो प्लांट बंद करायचा आदेश दिला आणि खाण साफ करून अहवाल सादर करायला सांगितलं. दंड पुढं ठरणार होता. कारखान्यात चलबिचल सुरू झाली. सुपरवायझर नॅन्सीशी बोलेनासा झाला. कॅन्टीनमध्ये ती जिथं बसायची त्या टेबलावरून लोक उठून जायला लागले. मॅडमनी नको तिथं तोंड उघडलं आणि आता सगळ्यांच्या पोटावर पाय येणार, असं बोललं जात होतं. नॅन्सीच्या कानावर ते आलं. तिनं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सरळ सांगितलं की प्लांट बंद राहील, पण साफसफाईचं काम आपल्याच माणसांनी करायचं आहे आणि मालकांनी त्या दिवसांचा पगार कबूल केला आहे. ज्याला यायचं आहे त्याला आधी प्रशिक्षण, मग पूर्ण पोशाख. कुणी उघड्या हातानं तिथं पाऊल टाकणार नाही. पहिली हर्षदा उभी राहिली. तिच्यामागून प्लांटमधला एक ऑपरेटर, मग आणखी काही जण. दोन दिवसांनी सुपरवायझरही आला.

खाणीभोवती कुंपण घातलं. वस्तीला पाण्याचे टँकर सुरू केले, कारण वस्तीची विहीर खाणीपासून फार लांब नव्हती. बांध घालून खाणीतलं पाणी अडवलं आणि ते टँकरमध्ये उपसून घेतलं. फुटके ड्रम मोठ्या ड्रममध्ये बसवून बंद केले. जुन्या, अनुभवी वाहतूकदाराला परत बोलावलं आणि प्रत्येक गाडीसोबत कारखान्याचा एक माणूस चौफुल्यावरून न्हावरामार्गे थेट रांजणगावच्या वजनकाट्यापर्यंत जायला लागला.

बन्सी तोवर न्हावऱ्याला बहिणीच्या घरी सापडला होता. पोलीस त्याला जागा दाखवायला खाणीवर घेऊन आले. तिशीचा धट्टाकट्टा माणूस, पण आता खाली बघत चालत होता. त्यानं कबूल केलं की सुरुवातीला तो खरोखर रांजणगावला जायचा. तिथं तपासणी, रांग, सगळा दिवस जायचा. इथं वाटेत अर्ध्या तासात गाडी मोकळी व्हायची आणि तिकडे भरायचे पैसे त्याच्या खिशात राहायचे. जाताना तो नॅन्सीसमोर थांबला. म्हातारीचं कसं आहे, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, बरी होईल. मग त्यानं न विचारताच पोलिसांना सांगितलं की पारगावकडच्या रस्त्याला एका बंद वीटभट्टीमागेही काही ड्रम आहेत. तेही भीमतीरच्याच लोकांनी जाऊन उचलले.

खाण खाली होत गेली तसा वेगळाच प्रकार समोर आला. निळ्या ड्रमच्या खाली, चिखलात रुतलेले, पिवळे ड्रम निघाले. त्यांच्याखाली गंजलेली लोखंडी पिंपं. बन्सीच्या आधीही कुणीतरी ही जागा वापरत होतं. त्या दिवशी हौसराव खाणीवर आलेले होते. ते म्हणाले की आपले संपले, हे आपले नाहीत, आपलं काम इथं थांबतं. नॅन्सी म्हणाली, बरोबर आहे, हे आपले नाहीत. मंडळानं त्यांचेही नमुने घेतले आहेत, शोध लागेल.

हरिबा कुंपणाच्या बाहेर उभे राहून ऐकत होते.

“सायेब,” ते म्हणाले, “तुमचं कुठलं आन् दुसऱ्याचं कुठलं, ह्ये तुमाला कळतं. माझ्या मेंढरानं कसं वळखायचं?”

ते रागानं बोलले नव्हते. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. हौसराव काठावरून पिवळे ड्रम मोजायला लागले.

त्या आठवड्यात वसाहतीतल्या कारखानदारांच्या संघटनेची बैठक होती. हौसरावांनी नॅन्सीला सोबत घेतलं. सभागृह भरलं होतं. अध्यक्षांनी रस्त्याचे दिवे, पाणीपुरवठा असे विषय काढले, पण सगळ्यांचं लक्ष हौसरावांकडे होतं. एका ज्येष्ठ कारखानदारानं विषयाला हात घातला. ते म्हणाले की शितोळेंनी स्वतः होऊन कबुली देऊन सगळ्या वसाहतीला अडचणीत आणलं. आता मंडळ घरोघर फिरणार.

हौसराव उभे राहिले. बोलायची त्यांना फारशी सवय नव्हती.

“वरवंडच्या खाणीत निळे ड्रम सापडले, ते आमचे होते,” ते म्हणाले. “मी स्वस्तातला माणूस बघितला, म्हणून ते तिथं गेले. एका बाईचे हात भाजले. आम्ही ते उचलले. त्यांच्याखाली पिवळे आहेत, लोखंडी आहेत. ते इथं बसलेल्यांपैकीच कुणाचे तरी आहेत. कुणाचे, हे मी विचारत नाही. उचलायला कोण येतंय, एवढंच विचारतोय.”

काही जणांनी माना खाली घातल्या. पंखे फिरत होते. अध्यक्षांनी पुढचा विषय घ्यायला कागद चाळला. तेव्हा हौसरावांनी नॅन्सीकडे हात केला आणि बोला म्हणाले.

नॅन्सीनं जागेवर उभं राहून सांगितलं की प्रत्येक प्लांटच्या गाळाची घडण वेगळी असते. मंडळाच्या प्रयोगशाळेत नमुने गेले आहेत. कुठला ड्रम कुठून निघाला हे आज ना उद्या कळणार आहे. ज्याचं नाव निघेल त्याला खर्च द्यावा लागणारच आहे. फरक एवढाच पडेल की तो स्वतः आला की त्याला आणलं गेलं. “भीमतीर स्वतः गेलं,” ती म्हणाली. “आमचा प्लांट बंद आहे, दंड होणार आहे. पण आमच्या दारात माणसं मोर्चा घेऊन आलेली नाहीत. आमचीच माणसं त्या वस्तीत काम करतायत आणि वस्ती त्यांना चहा पाजतेय.”

ती बसली. मागच्या रांगेतून एक तरुण बाई उठली. पूनम तिचं नाव. वडिलांच्या मागे ती रंगाचा कारखाना सांभाळत होती. तिनं मान खाली घातली नाही.

“पिवळे आमचे असू शकतात,” ती म्हणाली. “वडिलांच्या काळातले. मला नक्की माहीत नाही. उद्या सकाळी मी स्वतः बघायला येते. आमचे असतील तर आमची गाडी येईल.”

ते तिचेच निघाले. तिसऱ्या दिवशी तिची माणसं खाणीत उतरली. लोखंडी पिंपांसाठी पुढच्या आठवड्यात आणखी एका कारखान्याचा व्यवस्थापक आला, वकिलाला घेऊन, पण आला. काही पिंपं मात्र शेवटपर्यंत कुणी आपली म्हटली नाहीत. ती मंडळाच्या देखरेखीखाली उचलली गेली आणि त्यांचा तपास अजून चालू आहे.

तानुबाई दोन आठवड्यांनी घरी आल्या. मूत्रपिंडं शाबूत होती. डॉक्टरबाईंनी नॅन्सीला सांगितलं की आल्या आल्या नेमकं काय आहे ते कळलं, म्हणून एवढ्यावर निभावलं. हातांवर पांढरे डाग राहिले आणि उजव्या हाताची पकड थोडी कमी झाली. दवाखान्याचा सगळा खर्च कारखान्यानं केला. मेंढरांच्या भरपाईचा विषय निघाला तेव्हा हरिबांनी पैसे नको म्हटलं, मेंढरं द्या म्हटलं. मग एका शुक्रवारी हौसराव त्यांना यवतच्या बाजारात घेऊन गेले. हौसरावांनी चांगली गुबगुबीत मेंढरं दाखवली. हरिबा प्रत्येकाच्या तोंडात बोट घालून दात बघत, पाठीवर हात दाबत आणि नको म्हणत पुढं जात. दुपारपर्यंत त्यांनी आपल्या मनासारखी चार निवडली. हौसराव उन्हात त्यांच्या मागं मागं फिरले आणि नॅन्सीला फोनवर म्हणाले, माझ्या खरेदी विभागाला या माणसाकडे शिकायला पाठवला पाहिजे.

दंड भरून, खाणीची माती खरवडून नेऊन, मंडळाची परवानगी मिळून प्लांट सुरू व्हायला हिवाळा संपत आला. त्या दिवशी नॅन्सीनं हौसरावांसमोर एक अट ठेवली. वाहतूकदार कोण असावा हे ती ठरवेल, खरेदी विभाग नाही. हौसराव म्हणाले, लेखी देतो. ती म्हणाली, लेखी तर घेणारच आहे.

वस्तीची विहीर मात्र अजून मोकळी झालेली नाही. खाणीतलं विष दगडाच्या फटींतून किती खाली उतरलंय हे एकदम सांगता येत नाही. दर महिन्याला नमुना घ्यायला नॅन्सी स्वतः जाते. हर्षदा आता तिच्याच विभागात आहे, बाटल्या धुणं, खुणा करणं, पोहऱ्यानं पाणी काढणं ती करते. टँकर रोज येतो. मार्चमधला नमुना फेब्रुवारीपेक्षा बरा होता, पण पिण्याजोगा नव्हता. त्या दिवशी काठावर उभ्या असलेल्या हरिबांनी विचारलं की हा टँकर आणखी किती दिवस येणार. कंपनी थकली म्हंजी बंद करणार का?

“थकली तरी बंद होणार नाही, आबा,” नॅन्सी म्हणाली. “पाणी चांगलं झाल्याचं मी लिहून देईन, त्यानंतरच.”

हरिबांनी मान डोलवली आणि मेंढरं वळवायला गेले. घरातून तानुबाईंनी चहाला हाक मारली. नॅन्सीनं बाटलीला घट्ट बूच लावलं, हातमोजे काढून पिशवीत ठेवले, आणि हर्षदाला घेऊन अंगणाकडे निघाली.